रात्री साडेदहाचं आइस्क्रीम : ब्युनोस आयर्स ते शहापूर

आवाज नीट येतोय ना? दसऱ्याला घरी आलोय आणि पंखा बंद करून रेकॉर्ड करतोय, त्यामुळे मधेच मी घाम पुसायला थांबलो तर समजून घ्या. ऑक्टोबर आहे, आमच्याकडे गर्मी अजून गेलेली नाही.

घरी म्हणजे शहापूरला. दरवेळी सांगावं लागतं, कसारा घाटाजवळचं ठाणे जिल्ह्यातलं ते शहापूर नाही. आमचं भंडारा जिल्ह्यातलं. भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालात की हायवेवर लागतं. गंमत म्हणजे आमच्या शहापूरजवळपण ठाणा नावाचं गाव आहे, त्यामुळे ऑनलाइन ऑर्डर करताना कुरिअरवाल्यांचा जो गोंधळ होतो तो विचारू नका.

तर मागच्या एपिसोडखाली दोघातिघांनी विचारलं होतं की तू अर्जेंटिनाला गेला होतास, त्यावर का बोलत नाहीस? मेस्सीचं गाव बघितलं का? नाही बघितलं. मेस्सी रोसारिओचा, मी होतो ब्युनोस आयर्सला, आणि बहुतेक वेळ लॅपटॉपसमोर होतो. पण एक जागा मी अगदी मनापासून बघितली. माझ्या गल्लीच्या कोपऱ्यावरचं आइस्क्रीमचं दुकान. आज त्यावर बोलू. हसू नका, शेवटी विषय शहापुरातच येणार आहे.

नोव्हेंबर 2023. कंपनीने तीन महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं. मुंबईहून दोन विमानं बदलून पोचलो. राहायची सोय आल्माग्रो नावाच्या भागात होती. टुरिस्ट लोक फार जात नाहीत तिकडे, साधी माणसं राहतात, चार-पाच मजली जुन्या बिल्डिंगा, खाली किराणा, सलून, बेकरी. नोव्हेंबर म्हणजे तिकडे उन्हाळ्याची सुरुवात, आपल्या उलट. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नीलमोहर फुललेला. आपल्याकडे नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये एखाददुसरा दिसला तरी आपण फोटो काढतो, तिकडे शहरभर सगळं जांभळं.

पहिल्या आठवड्यात मला झोपच लागत नव्हती. आपल्यात आणि त्यांच्यात साडेआठ तासांचा फरक. रात्री साडेदहाला उठून खाली आलो, म्हटलं पाण्याची बाटली तरी घेऊ. आणि कोपऱ्यावर ही गर्दी! मला वाटलं काहीतरी झालंय. आपल्याकडे रात्री साडेदहाला कोपऱ्यावर गर्दी म्हणजे एकतर अॅक्सिडेंट नाहीतर गणपती. [हसतो] जवळ गेलो तर आइस्क्रीमचं दुकान. त्याला तिकडे एलादेरिया म्हणतात.

आता दुकान कसं असतं ते सांगतो. आधी काउंटरवर पैसे द्यायचे, चिठ्ठी घ्यायची, मग पुढे जाऊन ती चिठ्ठी आइस्क्रीमवाल्याला द्यायची. आपल्याकडे मंदिराच्या भोजनालयात कुपन घेतो ना, तसंच. चिठ्ठीवर फ्लेवर लिहिलेला नसतो, वजन लिहिलेलं असतं. उन क्वार्तो म्हणजे पाव किलो. मग अर्धा किलो, एक किलो. आइस्क्रीम किलोवर! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं माझं स्पॅनिश गंडलंय. मला स्पॅनिश येत नव्हतंच, अॅपवर शिकलेली वीस वाक्यं होती, त्यात 'हत्ती सफरचंद खातो' हे एक होतं.

पाव किलोत तीन फ्लेवर घेता येतात. तो विचारतो, "के गुस्तोस?" म्हणजे कुठले. मागे पन्नास-साठ नावांचा बोर्ड. मी घाबरून फक्त एकच वाचलं, दुल्से दे लेचे. त्याने मान हलवली आणि पुन्हा विचारलं, "कुठलं?" कारण त्याचेच चार-पाच प्रकार. साधं, चॉकलेटचे तुकडे टाकलेलं, ब्राउनी घातलेलं, आणि एक 'सुपर', ज्यात वरून अजून तेच ओततात.

दुल्से दे लेचे म्हणजे काय, तर दूध आणि साखर मंद आचेवर तासन्‌तास आटवायचं, त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायचा. सोड्यामुळे दूध फाटत नाही आणि रंग पटकन चढतो, गडद तपकिरी. बीटेकला केमिस्ट्रीच्या पेपरात आम्ही मेलार्ड रिअॅक्शन पाठ केली होती, चव तिची इथे कळली. मी आईला फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. ती शांतपणे ऐकून म्हणाली, "म्हंजे बासुंदी लागली बुडाला." एका वाक्यात संपवला विषय.

हे आइस्क्रीम तिकडे नेलं इटालियन लोकांनी. 1870 नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत लाखो इटालियन बोटीत बसून अर्जेंटिनाला गेले, आणि जाताना आपला जेलातो घेऊन गेले. कोर्रिएन्तेस नावाच्या मोठ्या रस्त्यावर कादोरे म्हणून एक प्रसिद्ध दुकान आहे, 1957 पासूनचं. इटलीतल्या कादोरे भागातून आलेल्या कुटुंबाने आपल्या गावाचंच नाव दुकानाला दिलं. एका रविवारी मुद्दाम जाऊन खाल्लं. छान होतं. पण खरं सांगू, मला माझं कोपऱ्यावरचंच आवडायचं, कदाचित तिथला माणूस मला ओळखायला लागला होता म्हणून. आपल्या विदर्भाची गोष्टपण तशीच आहे की. नागपूरचं दिनशॉज 1932 साली दोन पारशी भावांनी सुरू केलं, आधी दूध, मग आइस्क्रीम. बाहेरून आलेली माणसं आणि आपण आज त्याला 'आपलं नागपूरचं' म्हणतो.

किलोच्या हिशोबाकडे परत येतो, कारण त्याने माझं डोकं पंधरा दिवस खाल्लं होतं.

आपण आइस्क्रीम लिटरमध्ये विकत घेतो. 500 मिली, 700 मिलीचा फॅमिली पॅक. आइस्क्रीम घुसळताना त्यात हवा भरतात. भरावीच लागते, नाहीतर तो दगड होईल. किती हवा, हा सगळा खेळ. एक लिटर मिश्रण घुसळून दोन लिटर आइस्क्रीम झालं, तर अर्धी हवा. पातळ मिश्रणाचं एक लिटर साधारण अकराशे ग्रॅम भरतं. आणि आपल्या देशातल्या नियमानुसार एक लिटर आइस्क्रीमचं वजन कमीत कमी 525 ग्रॅम असलं पाहिजे. करा हिशोब. म्हणजे डब्यातली निम्मी जागा हवेची असली तरी ते कायद्याने एकदम बरोबर. यात फसवणूक वगैरे नाही, हवेमुळेच ते मऊ लागतं. पण किलोवर विकलं की हवा भरून दुकानदाराला काही फायदा नाही, हवेला वजनच नाही! म्हणून तिकडचं आइस्क्रीम घट्ट, चिवट. ते स्कूपने काढत पण नाहीत, चपट्या उलथन्यासारख्या पट्टीने थापून थापून कपावर डोंगर रचतात.

अजून एक, पुढच्या वेळी दुकानात गेलात की पॅकवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघा. 'आइस्क्रीम' लिहायचं असेल तर दुधाचं फॅट कमीत कमी 10 टक्के लागतं. वनस्पती तेलाचं असेल तर 'फ्रोझन डेझर्ट' लिहावं लागतं. तेही खायला काही वाईट नाही, पण आपण काय खातोय ते माहीत असावं. बास, इंजिनिअरगिरी संपली.

तर मी रोज जायला लागलो. हो, रोज. तीन महिन्यांत चार किलो वाढलो. किमतीचं सांगायचं तर तो काळ त्यांच्यासाठी भयंकर होता. 2023 मध्ये तिथली महागाई वर्षाला 211 टक्के होती. डिसेंबरमध्ये नवीन सरकार आलं आणि सरकारी दराने एक डॉलर साडेतीनशे-पावणेचारशे पेसोंचा होता तो एका रात्रीत आठशेचा झाला. दुकानातल्या बोर्डवर किमतीच्या जागी कागदाचे तुकडे चिकटवलेले असायचे, एकावर एक. मी खाली किती थर आहेत ते मोजायचा प्रयत्न केला होता. ऑफिसमधले लोक पगार झाला त्याच दिवशी महिन्याचा किराणा भरायचे. पण रात्री लाइन तेवढीच. पाव किलोच्या जागी छोटा कप घेत असतील, पण यायचे.

आणि कोण यायचं, ते मला आज खरं सांगायचंय.

दुकानाबाहेर दोन लाकडी बाकं होती. त्यावर रोज आज्ज्या बसायच्या. सत्तर-पंच्याहत्तरच्या. रात्री अकरा वाजता. एकटी आलेली आजी, हातात कोन, पाय हलवत बसलीये. पंचविशीतली पोरगी कानात इअरफोन घालून एकटी बसलीये, कोणाची वाट बघत नाहीये, फक्त आइस्क्रीम खातेय. एक बाई रोज कुत्र्याला घेऊन यायची. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी बघत होतो, कारण मला हे नवीन होतं. ब्युनोस आयर्स म्हणजे स्वर्ग असं मी म्हणत नाहीये हं. ऑफिसवाल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की रस्त्यात मोबाईल हातात धरून उभा राहू नको, ओढून नेतात. पण त्या बाकावर त्या बायका निवांत होत्या, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

तिकडे रात्रीचे साडेदहा म्हणजे शहापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे सात. आई तेव्हा सडा टाकून चहा मांडते. मी रोज त्याच वेळी, त्याच बाकावरून व्हिडिओ कॉल करायचो, भिंतीला पाठ लावून, मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरून. एकदा तिला म्हटलं, "आई, ही बघ, तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी आहे." आणि लांबून त्या आजीचा फक्त कोन दाखवला. आई म्हणाली, "रात्री? एकटी? घरचे नाही का तिले?" मी म्हटलं असतील की. मग ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मी तं दुकानात बसून कधी खाल्लंच नाही."

मला खोटं वाटलं. मी म्हटलं काहीही काय, आपण किती वेळा खाल्लंय. ती म्हणाली, "घरी खाल्लं. तू आनलं, तुह्या बाबांनी आनलं. डब्यात."

फोन ठेवल्यावर मी आठवायला लागलो. आमच्या चौकात आइस्क्रीमचं दुकान माझ्या लहानपणापासून आहे. दहावीचा रिझल्ट लागला, तिथे. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत तर रोजचं, बाईक स्टँडवर लावायची आणि दोन तास तिथेच. बाबा फॅक्टरीतून सेकंड शिफ्ट करून आले की उन्हाळ्यात पार्सल घेऊन यायचे, अर्धं वितळलेलं. आईने ते वाटीत काढायचं, आम्हाला द्यायचं आणि उरलेलं पातळ स्वतः प्यायचं. तिला बटरस्कॉच आवडतं असं आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

फेब्रुवारीत परत आलो. सोबत दुल्से दे लेचेची एक बाटली आणली होती, बॅगेत पाच कपड्यांत गुंडाळून. आईने पोळीला लावून खाल्लं, बाबांनी चमचा चाटून 'गोड आहे' असा निकाल दिला. ती बाटली आता मोहरीची आहे.

मार्च ते मे मी वर्क फ्रॉम होम घेतलं होतं. एप्रिलमध्ये एका रात्री जेवण झाल्यावर म्हटलं, "आई, चाल ना, आइस्क्रीम खाऊन येऊ."

"आन ना घरी."

"नाही, तिथं बसून खाऊ."

"काहून? घरी काय होते? लोकं काय म्हनतीन, बाई चौकात बसली म्हून."

बाबा म्हणाले, "अरे मी आणतो ना पार्सल, दोन मिनिटांत." त्यांना खरंच कळत नव्हतं अडचण काय आहे. मलाही धड सांगता येत नव्हतं. मी ब्युनोस आयर्स, आज्ज्या, बाक असं काहीतरी बोलत होतो आणि मलाच ते फेकल्यासारखं वाटत होतं. तेव्हा माझी बहीण आतून आली. ती एकवीसची आहे, भंडाऱ्याला कॉलेजला जाते. म्हणाली, "दादा, तू आईचं बोलतोयस. मी तरी कुठं बसलीये तिथं? मैत्रिणीसोबत गाडी थांबवतो, गाडीवरूनच घेतो, निघतो. तू बारा वर्षांचा होतास तेव्हापासून तिथं उभा आहेस."

हे मला लागलं. कारण त्या चौकात उभी असलेली गर्दी म्हणजे मीच होतो ना, इतकी वर्षं. आम्ही कोणाला काही बोलायचो नाही, छेड वगैरे तर अजिबात नाही, चांगली पोरं होतो सगळी. पण सात बाईका आडव्या लावून, मोठ्याने गाणी लावून बसलेल्या चांगल्या पोरांच्या मधून कोण बाई जाऊन खुर्ची मागणार?

त्या रात्री कोणी गेलं नाही. चार दिवसांनी गेलो. लाईन गेली होती आणि घरात बसवत नव्हतं, हे खरं कारण. आई, बहीण, मी. बाबा म्हणाले तुम्ही व्हा पुढे, आणि पाच मिनिटांनी आलेच मागून.

दुकान म्हणजे काय, दोन डीप फ्रीझर, एक काउंटर, बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या. दुकानदार काका आईला बघून उठूनच उभे राहिले. "वहिनी, तुम्ही कायले आल्या? फोन केला असता तं पोराजवळ पाठवून दिलं असतं." किती प्रेमाने म्हणाले ते. आई लगेच मागे फिरायला लागली. बहिणीने हात धरला.

मग आईने फ्रीझरमध्ये वाकून बघितलं. आणि बघतच राहिली. काच सरकवून आत हात घातला, हे उचल, ते उचल, किंमत बघ. मागे गिऱ्हाईक थांबलं होतं, तिला घाई नव्हती. मी आपला बटरस्कॉच, बटरस्कॉच म्हणत होतो. तिने काय घेतलं माहितीये? ऑरेंज कँडी. दहा रुपयांची. बाबा म्हणाले, "अगं, काहीतरी चांगलं घे." ती म्हणाली, "हेच पाहिजे." बटरस्कॉच तिला एवढं काही आवडत नाही म्हणे. आम्ही आणत होतो म्हणून खात होती. सव्वीस वर्षं!

बसलो. शेजारी कॉलेजची पोरं होती, त्यांनी गाणं बंद केलं आणि बाईका थोड्या मागे घेतल्या, कोणी काही सांगितलं नव्हतं. दोघे तर उठूनच गेले बिचारे, मला वाईट वाटलं, मीपण तसाच उठलो असतो. समोरून आमच्या गल्लीतले एक काका चालले होते, ते थबकले आणि काळजीने विचारतात, "काय झालं हो? कोनी अॅडमिट हाय का?" [हसतो] कारण रात्री साडेनऊला चौकात बसलेली बाई म्हणजे नक्की नागपूरला न्यायच्या गाडीची वाट बघत असणार! आईने कँडी दाखवली त्यांना. जीभ केशरी झालेली.

दहा-बारा मिनिटं बसली असेल. मग म्हणाली चला, कुकर भिजत घातलाय. लाईन अजून आली नव्हती.

मी खूप मोठं काही झालं असं सांगत नाहीये. पुढच्या दोन महिन्यांत ती अजून तीनदा गेली, मी मोजलंय. शेवटच्या वेळी शेजारच्या काकूंना घेऊन गेली आणि मला येऊ नको म्हणाली. काकूंनी कुल्फी घेतली आणि घरी काही सांगितलं नाही, हेही मला बहिणीकडून कळलं. मग पाऊस सुरू झाला, मी पुण्याला गेलो.

परवा दसऱ्याचं सोनं द्यायला दुकानदार काकांकडे गेलो होतो. चारपैकी दोन खुर्च्या मोडल्यात. त्यांना म्हटलं काका, एक बाक टाका ना, लाकडी, भिंतीला लागून. ते म्हणाले, "बाक टाकला की पोरं रात्री बारापर्यंत बसतेत, मंग पोलीसवाले मलेच बोलतेत." त्यांचंही चुकीचं नाही. मी गप्प बसलो. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "तू कशाले बोलला? मी बोलली हाय त्याईले. दिवाळी झाली की टाकतो म्हनले मले."

तर दिवाळीनंतर कळेल. तुमच्या गावात, तुमच्या चौकात, आई बसून काय खाते? खरंच विचारा घरी आणि मला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये काही वाजवतो. आता पंखा लावतो. भेटू पुढच्या रविवारी.